प्रति: ब्रेकची आठवण करून देणारं अ‍ॅप
बर्नआउट, म्हणजे कामानं पार थकून जाणं, टाळायला दर तासाला 'ब्रेक घ्या' सांगणारं अ‍ॅप हवं, असं इथं कुणी म्हटलंय, ते काही पटलं नाही. असलं एक वापरून बघितलंय. कॉल सुरू असताना ते टुणटुणायचं आणि मी डास मारल्यागत अंगठ्यानं उडवायचो. वर रात्री 'आज ९ ब्रेक चुकले' असा हिशोब! आधीच वैताग, त्यात हे.

आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाहीच, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण न आवरल्यानं येणारी अवस्था अशी आहे. मग अ‍ॅपनं अवेळी कामाचे मेसेज पाठवणाऱ्याला अडवावं की! आमच्या टीमनं संध्याकाळी सातनंतरचे मेसेज 'शेड्यूल सेंड'ला (ठरवलेल्या वेळी आपोआप जाण्यासाठी) टाकून सकाळीच पाठवायचं ठरवलं. पहिला आठवडाभर रंकाळ्यावर चालताना मी सारखा खिसा चाचपत होतो. आता फोन घरीच चार्जिंगला असतोय.