मदत हवी आहे : ऑपरेशननंतर बाबांचा श्वास भरभर चाललाय

बाबांच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन होऊन आज चौथा दिवस. आतड्याचा तुकडा काढून टोकं जोडली आहेत. ताप नाही, टाके कोरडे, बोलतातही नीट. पण काल रात्रीपासून श्वास जलद वाटतोय. ते झोपेत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं, 26. पुन्हा मोजलं, 27. परवा 16 होता. नाडी 110 च्या आसपास. बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन 96, म्हणून सिस्टर म्हणाल्या, "दुखतंय, घाबरलेत." असेलही. पण झोपेत कोण घाबरतं?

मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20 असतो एवढं माहीत आहे. जोड गळून पोटात जंतुसंसर्ग सुरू झाला तर ताप चढण्याआधीच श्वास वाढू शकतो, आणि वयस्कर माणसाला कधीकधी ताप येतच नाही, असंही वाचलंय. न्यूमोनिया किंवा फुप्फुसातली गुठळी हीसुद्धा कारणं असू शकतात म्हणे.

ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलवायला सांगितलंय, अजून आलेले नाहीत. इथे कुणी सर्जन किंवा आयसीयूत काम करणारं आहे का? ते आले की नेमकं काय विचारू? लॅक्टेट आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्यांचा, की थेट पोटाच्या सीटी स्कॅनचाच आग्रह धरू?