क्वेरी फसल्यावर काय होते, हे फंक्शनच्या पानावर स्पष्ट लिहावे का?

धागालेखक:
पीएचपी या वेब प्रोग्रॅमिंग भाषेच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत मायएसक्यूएलआयच्या (मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणाऱ्या एक्स्टेन्शनच्या, म्हणजे जोड-भागाच्या) क्वेरी फंक्शनच्या, म्हणजे डेटाबेसला आज्ञा देणाऱ्या फंक्शनच्या पानावर ‘क्वेरी फसल्यास फॉल्स (‘नाही’ या अर्थाचे मूल्य) मिळते’ असे लिहिले आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये आलेल्या 8.1 आवृत्तीपासून मात्र आपण वेगळे काही ठरवले नसेल, तर फॉल्सऐवजी थेट एक्सेप्शन येते, म्हणजे कोडने पकडली नाही तर प्रोग्रॅम थांबवणारी त्रुटी. समजा, ईमेलच्या कॉलमवर युनिक इंडेक्स आहे (एकच ईमेल दोनदा नोंदता येत नाही) आणि इन्सर्टनंतर, म्हणजे नवी नोंद घालणाऱ्या क्वेरीनंतर, ‘फॉल्स आले व त्रुटी क्रमांक 1062 (दुबार नोंद) असेल, तर हा ईमेल आधीच नोंदलेला आहे असे कळवा’ अशी अट लिहिलेली आहे. 8.1 वर त्या अटीपर्यंत प्रोग्रॅम पोहोचतच नाही. एक्सेप्शन कोणी पकडत नसल्याने स्क्रिप्ट इन्सर्टच्याच ओळीवर बंद पडते. माझ्या मते फॉल्सच्या वाक्यातच ‘स्ट्रिक्ट मोड (त्रुटी एक्सेप्शनच्या रूपात देणारी सेटिंग) चालू नसेल तर’ एवढी अट घालायला हवी.

प्रतिसाद 1:
असहमत. त्याच पानावर त्रुटींचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात एरर रिपोर्टिंग चालू असल्यास वॉर्निंग, सोबत स्ट्रिक्ट मोड असल्यास त्याऐवजी एक्सेप्शन, असे स्पष्ट दिले आहे. शिवाय हा मोड एका फंक्शनचा नसून संपूर्ण एक्स्टेन्शनचा आहे. प्रिपेअर, एक्झिक्यूट, कमिट अशा प्रत्येक पानावर त्याचा खुलासा करत बसलो, तर पुढच्या बदलाच्या वेळी निम्मी पाने जुनीच राहतील, आणि अर्धवट दुरुस्त झालेली पुस्तिका अपुऱ्या पुस्तिकेपेक्षा जास्त घातक असते.

धागालेखक:
तो विभाग मी वाचला आहे, आणि माझी हरकत त्याच्या मांडणीवरच आहे. ‘मोड ठेवला असेल तर’ असे वाचल्यावर तो आपण मुद्दाम ठेवावा लागतो असे कोणालाही वाटेल. तो आता मुळातच चालू असतो, हे तिथे येत नाही. पानावरच्या उदाहरणाची सुरुवातही मोड ठेवणाऱ्या ओळीने होते, त्यामुळे हा गैरसमज आणखी पक्का होतो.

प्रतिसाद 2:
मला ती ओळ योग्यच वाटते. 7.4 चा अधिकृत आधार नोव्हेंबर 2022 मध्ये संपला, तरी ती आवृत्ती अजून अनेक सर्व्हरांवर चालते. कनेक्शन उघडण्यापूर्वी मोड स्वतः ठरवला, की दोन्ही आवृत्त्यांवर वर्तन सारखेच राहते. ईमेलच्या उदाहरणातही ट्राय-कॅच (एक्सेप्शन पकडणारी रचना) लावून एक्सेप्शनच्या कोडवरून तोच 1062 तपासता येतो. मात्र मूळ मोड कोणत्या आवृत्तीत बदलला, एवढे एक वाक्य त्रुटींच्या विभागात हवे, हे मला मान्य आहे.

प्रतिसाद 1:
एका वाक्याला माझा विरोध नाही, पण ते मोडच्या मूळ पानावर असावे आणि बाकीच्या पानांवरून तिकडे दुवा द्यावा.