मदत हवी आहे : लग्नासाठी सुरू केलेला व्यायाम लग्नानंतर टिकतो का?

नमस्कार मंडळी. वय ४४, राहणार वर्तकनगर, ठाणे. लोकलचे धक्के सोडले तर दिवसभर बैठं काम.

जूनमध्ये एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१ आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, चालायला लागा. हो म्हटलं, फाइल कपाटात गेली. मग नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. पैठणीवरचं ब्लाउज घालून बघितलं तर हुकच लागेना, आणि आतली माया मागच्याच लग्नात उसवून झालेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उपवनला हजर!

सगळ्यांना सांगते, तब्येतीसाठी चालते. या वयात 'छान दिसायचंय' म्हटलं की नवऱ्यासकट सगळे हसतात. (भाचीने तेच म्हटलं तर कौतुकाने जिमची फी भरली जाते. असो.)

अडचण अशी की दोन्ही कारणांचे सल्ले जुळत नाहीत. जिमवाल्याने आधी लग्नाची तारीख विचारली, मग उलटं मोजून पॅकेज सांगितलं : रात्रीचं जेवण बंद, भात-पोळी बंद, रोज काट्यावर उभं राहायचं. डॉक्टरबाई वजनाबद्दल फारसं बोलल्याच नाहीत. जेवल्यावर चाला, थोडं वजन उचला म्हणाल्या. पण साखर ना दिसते ना दुखते. तीन महिन्यांनी एक आकडा येणार, त्यासाठी गजर झाल्यावर अंथरूण सोडवत नाही हो! पैठणीसाठी सोडवतं.

लग्न, मुंज, फोटो अशा कारणाने सुरू करून नंतरही टिकलेलं कुणी आहे का? कशाच्या जोरावर टिकलात? 'आरोग्य महत्त्वाचं' एवढंच लिहिणार असाल तर ते घरी रोज ऐकते.

ऐरोलीकर : ताई, ज्या कारणाने जाग येते त्याच कारणाने उठा. फक्त वजनकाटा माळ्यावर टाका आणि शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पंधरवड्यातून एकदा मोजा. आपल्याकडे बायकांना ८० सेंमी आणि पुरुषांना ९० च्या वर धोका धरतात, कारण पोटातली चरबी इन्सुलिनला नीट काम करू देत नाही. घेर उतरला की फोटोतही दिसतं आणि साखरेलाही फायदा.

पाचपाखाडीची : टेप ठीक, पण ब्लाउज अडतं ते दंडात! आणि नुसते हात फिरवून दंड उतरत नाहीत, हे आधीच सांगते. मी लेकाच्या मुंजीसाठी सुरू केलं, मुंज झाली, बंद पडलं. पुन्हा जमलं ते कचराळी तलावावरच्या बायकांमुळे. दांडी मारली की साडेसहाला फोन येतो, 'कुठे आहेस गं?' जेवण मात्र बंद करू नका. उपाशी राहून झरझर वजन उतरवलं की स्नायूही झडतात, आणि जेवणातून आलेली साखर बरीचशी तेच वापरतात. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच.

धागाकर्ती : दोघांचे आभार. टेप लावली, ९१. जिमवाल्याला सांगणार नाही, तो पॅकेज वाढवेल. ताकदीचा व्यायाम घरी करता येईल का? उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. खुर्चीवरून उठबस केली तर चालेल की आधी गुडघा दाखवून घेऊ?