झाडागणिक उतार घेतला की ‘सिंग्युलर फिट’: हापूसवरच्या कल्टार चाचणीचं मॉडेल

कातळबाग:
देवगड-राजापूर पट्ट्यातल्या ८ हापूस बागा, प्रत्येकीत १६ झाडं, ३ हंगाम. कल्टारच्या (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं पॅक्लोब्युट्राझोल) ४ मात्रा (झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे ०, ०.५, ०.७५ आणि १ ग्रॅम क्रियाशील घटक), दर बागेत प्रत्येक मात्रा ४ झाडांना. झाडाची मात्रा तिन्ही वर्षं तीच. झाडामागच्या किलो उत्पन्नासाठी आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं मिश्र मॉडेलचं सूत्र (कंसात उभ्या रेघेआधी काय बदलतं, रेघेनंतर कोणागणिक; १ म्हणजे इंटरसेप्ट, मूळ पातळी):

किलो ~ मात्रा + हंगाम + (१ + मात्रा | बाग/झाड)

‘सिंग्युलर फिट’ (एखादं विचरण, म्हणजे व्हेरियन्स, शून्यावर किंवा सहसंबंध ±१ वर अडकल्याचा इशारा) येतं, झाडाच्या पातळीवर इंटरसेप्ट आणि उताराचा सहसंबंध −१.००. नुसतं (१ | बाग/झाड) ठेवलं की गप्प चालतं. तेच ठेवू का?

विचरण:
नको. तिरकी रेघ सूत्राचे दोन भाग करते: (१ + मात्रा | बाग) + (१ + मात्रा | बाग:झाड). म्हणजे उतार (मात्रेगणिक उत्पन्न किती बदलतं) झाडालाही दिला गेला. एका झाडाला एकच मात्रा मिळाली आहे, एका बिंदूवरून रेषेचा उतार कसा काढणार? बागेत मात्र चारही मात्रा आहेत, तिथे उतार हवाच.

किलो ~ मात्रा + हंगाम + (१ + मात्रा | बाग) + (१ | बाग:झाड)

बागेचा उतार गाळलात तर कातळावरची बाग आणि खोल मातीतली बाग कल्टारला सारखाच प्रतिसाद देतात असं मानल्यासारखं होतं. मग मात्रेची प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) खोटी लहान येते. हंगाम ३च, म्हणून फिक्स्ड (कंसाबाहेरचा, ठरलेला परिणाम). पण फॅक्टर (आकडा नव्हे, वेगळे गट) करून घ्या, नाहीतर सालाच्या आकड्यांतून सरळ रेषा ओढली जाईल.

खाजण:
(१ | बाग:हंगाम) पण घाला. अवकाळी पाऊस किंवा तुडतुडे एखाद्या वर्षी अख्खी बाग झोडपतात, त्या वर्षी तिथली सोळाही झाडं एकदम खाली जातात.

मात्रेतून सरासरी (०.५६) वजा करा, नाहीतर इंटरसेप्ट शून्य मात्रेवरचा राहतो. त्यानंतरही बागेचा सहसंबंध ±१ ला अडकला तर (१ + मात्रा || बाग), म्हणजे सहसंबंध सोडून द्या. ८ बागांवर सहसंबंध धरणं तसंही नाजूकच. दुहेरी उभी रेघ मात्रा आकडा असेल तरच काम करते. फॅक्टर केलीत तर पातळ्यांमधले सहसंबंध तसेच राहतात.

कातळबाग:
बागेचा उतार खरंच लागतो का, हे एनोव्हाने (उतारासह आणि उताराविना मॉडेलांची तुलना) ठरवू?

विचरण:
चाचणीची आखणीच तशी आहे, त्यामुळे पी-मूल्य पाहून काढू नका. तुलना करायचीच तर रीफिट (तुलनेआधी मॉडेल पुन्हा बसवणं) बंद ठेवा, म्हणजे आरईएमएलवरच (विचरणं काढायची नेहमीची पद्धत) होईल. विचरण शून्याखाली जात नाही, त्यामुळे छापलेलं पी-मूल्य गरजेपेक्षा मोठं असतं. मात्रेच्या परिणामाच्या चाचणीसाठी केनवर्ड-रॉजर ही दुरुस्ती लावा: स्वातंत्र्यमात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम) ७च्या, म्हणजे बागा वजा एकच्या, आसपास दिसायला हव्यात. शंभराच्या वर गेल्या तर बागेचा उतार सूत्रातून सुटलाय किंवा त्याचं विचरण शून्यावर बसलंय.