९० च्या पुढे स्पीड जातच नाही, दोन हात जुळत नाहीत

खर्जतार
मंडळी, अकौस्टिक गिटार शिकतोय, युट्यूब बघून घरच्या घरी. १-२-३-४ वाला क्रोमॅटिक (चार बोटांनी लागोपाठ चार घरं, प्रत्येक तारेवर) रोज करतो, मेट्रोनोमवर (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांपर्यंत एका बीटला चार सूर नीट येतात, पण ९० ला गेलो की डावा हात एकीकडे नि उजव्या हातातली पिक (तार छेडायची पट्टी) भलतीकडे, मधले सूर फट् फट् वाजतात. वर हात कोपरापर्यंत दगड होतो. वय ३४, बोटंच स्लो आहेत का माझी?

पिक_हरवली
वयाचं सोड रे. ९० ला चार म्हणजे सेकंदाला सहा सूर, अचाट काही नाही. आधी अडतोय कुठला हात ते बघ. एका मोकळ्या तारेवर पिकने नुसतं डाउन-अप (खाली-वर) वाजव १०० ला. मग पहिला सूर पिकने आणि बाकीचे तीन हॅमर-ऑनने, म्हणजे पिक न मारता नुसतं बोट तारेवर आपटून काढ. दोन्ही जमलं तर घोळ तार बदलताना होतोय, मग अख्खा व्यायाम नको, एका तारेवरचे शेवटचे दोन आणि पुढचीवरचे पहिले दोन एवढंच घोळव. आणि चार-चार सुरांत प्रत्येक तार डाउननेच सुरू होते, तीन-तीनचा स्केल घेतलास की पुढची तार अपने येते, पिकला ती ओलांडून पलीकडून यावं लागतं, खरी मजा तिथे!

ठाय_दुगुन
हात दगड होतो कारण जोर जास्त लावताय तुम्ही. बोट नुसतं तारेवर टेकवा, फट् येईल, मग दाब हळूहळू वाढवा, सूर स्वच्छ लागला की बस, तेवढाच पुरे. बोट फ्रेटच्या (गळ्यावरच्या धातूच्या) पट्टीला खेटून असेल तर आणखी कमी लागतो. आणि रोज पाच-पाच बीपीएम (मिनिटाचे ठोके) वाढवत बसू नका. मेट्रोनोम ६० वरच ठेवून ठाय, दुगुन, चौगुन (एका ठोक्याला एक, दोन, चार सूर) करा तबलेवाल्यांसारखं, न थांबता, परत ठायीवर या. बोटं खरी तिथे घसरतात, कारण हळू वाजवताना लय आपली आपल्याला धरावी लागते.

खर्जतार
मोकळ्या तारेवर ११० ला पण गेलं! हॅमर-ऑनला मात्र करंगळी मरते, सूरच निघत नाही.

पिक_हरवली
सापडलं मग. ३-४ ची (अनामिका-करंगळी) जोडी वेगळी काढ, अनामिका खाली असतानाच करंगळी पडली पाहिजे आणि हवेत फार उडू देऊ नकोस. बाय द वे बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तारेखाली गॅप किती आहे मोज. अडीच मिमीच्या आसपास ठीक, चार वगैरे निघाला तर आधी सेटअप करून घे, म्हणजे तारांची उंची कमी करून घे, करंगळीला उगाच शिव्या देऊ नकोस.