गिअरबॉक्स खोलून दुरुस्त करू की जुना बसवू? (सातारा)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. गाडी २०१२ ची डिझेल हॅचबॅक, पाच गिअरची. यवतेश्वर घाट उतरताना दुसरा गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होतो. उतारावर इंजिनची पकडच जाते, आणि गाडीत आई-बाबा असतात, म्हणून सध्या घाटात गाडी घालणं बंद केलंय.

तिसऱ्यावरून दुसऱ्यात टाकताना खर्रर्र आवाज येतो. डबल क्लच केला (मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून, रेस देऊन पुन्हा दाबला) की गुपचूप पडतो. म्हणजे सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी) गेली असणार. न्यूट्रलमध्ये घरघर आहे, क्लच दाबला की थांबते, त्यामुळे इनपुट शाफ्टच्या (इंजिनची फिरकी गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर संशय. ऑइल काढलं तेव्हा ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळपट लगदा होता. तेवढा चालतो, पण त्यात तांदळाच्या कणीएवढे लोखंडी तुकडेही होते.

फिटर म्हणतात, भंगारातून जुना गिअरबॉक्स आणून बसवू, दिवसात काम. मला ते पटत नाही. त्याच्या आत काय झिजलंय कुणाला ठाऊक? शिवाय गिअर सुटतोय म्हणजे नुसत्या रिंगा बदलून भागणार नाही. गिअरचे दाते, स्लीव्ह (गिअर शाफ्टला जोडणारी सरकती कडी), फोर्क (ती सरकवणारा काटा) सगळं बघावं लागेल.

सातारा, कराड किंवा सांगलीत बेअरिंग प्रेसवर काढून, शिम (फट नेमकी ठेवणारी पातळ चकती) मोजून बसवणारा खात्रीचा माणूस कुणाला माहीत आहे का? खर्च साधारण किती आला? गिअरबॉक्स उतरवला की क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, ऑइल सील तेव्हाच बदलणार आहे. कुणी जुनाच बसवला असेल, तर घेताना काय तपासलंत तेही कृपया सांगा.