मदत हवी आहे: दोन्ही अंडाशय काढल्यावर कुणी इस्ट्रोजेन हार्मोन घेतलंय का?

नमस्कार मैत्रिणींनो. वय ४२. चार महिन्यांपूर्वी फायब्रॉइड्समुळे गर्भपिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयही. पाळीची कटकट गेली म्हणून खूश होते, पण तिसऱ्या आठवड्यापासून अंगातून वाफा सुरू. पोळ्या लाटताना मानेवरून घामाची धार, रात्री दोनला टक्क जाग. परवा तर ताटात मीठ वाढायचं राहिलं म्हणून लेकीवर ओरडले. ही मी नव्हेच!

डॉक्टर म्हणतात, एरवी अंडाशयात बनणारं इस्ट्रोजेन पाळी जाताना हळूहळू उतरतं, तुमचं एका दिवसात गेलं. हाडांसाठी, हृदयासाठी निदान पन्नाशीपर्यंत घ्या. सासूबाई म्हणतात, कॅन्सर होतो. ही भीती बहुधा पाळी गेल्यावर हार्मोन घेणाऱ्या बायकांवरच्या २००२ च्या त्या गाजलेल्या अमेरिकन अभ्यासातली. पण त्यात स्तनांच्या कॅन्सरचा धोका वाढला तो इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत, त्याही सरासरी ६३ वर्षांच्या. गर्भपिशवी नसलेल्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात तो वाढला नाही.

तरी मन धजत नाही. चाळिशीत अंडाशय काढलेलं कुणी आहे का इथे? गोळी घेतलीत की जेल? झोप किती दिवसांत परतली? हाडांची डेक्सा तपासणी कधी केलीत? आणि चिडचिडीचं घरी कसं समजावलंत? ‘मनावर घेऊ नकोस’ सोडून कुठलाही सल्ला चालेल.